प्रतिकृतीचं प्रामाण्य

इटलीतल्या बोलोन्या शहराच्या बोर्गो पानिगाले भागात डुकाटी कंपनीचा कारखाना आहे. या कारखान्यातून १९७४ साली ७५० सुपर स्पोर्ट नावाची एक मोटरसायकल बाहेर पडली. तिच्या अवघ्या ४०१ गाड्या झाल्या, आणि पुढच्याच वर्षी चौकोनी बाजूंच्या नव्या इंजिनाचा जमाना सुरू झाला. फ्रेमला दिलेल्या निळसर हिरव्या रंगामुळे जगभरचे शौकीन तिला ‘ग्रीन फ्रेम’ म्हणतात. लिलावात तिला एक लाख डॉलरच्या पुढेही किंमत आलेली आहे. ज्याला ती परवडत नाही, पण ती डोळ्यांपुढून हलतही नाही, असा एखादा हुन्नरी माणूस त्याच काळातली साधी ७५० जीटी किंवा नंतरची ८६० मिळवतो. तिचे सुटे भाग करतो, फ्रेम नीट करून हिरवी रंगवतो, लांबट टाकी, एकट्याची सीट आणि अर्धी फेअरिंग घडवून बसवतो, इंजिन उघडून पुन्हा उभं करतो, आणि काही वर्षांनी ग्रीन फ्रेमला मानवंदना म्हणून एक नवी गाडी रस्त्यावर आणतो. या दुसऱ्या गाडीला काय म्हणायचं? संग्राहक नाक मुरडून ‘नक्कल’ म्हणतो. बांधणारा ‘ट्रिब्यूट’ म्हणतो. या वादात पूजेचा एक जुना प्रश्न दडलेला आहे: आपण ज्याला मान देतो ते राहतं कुठे? त्या विशिष्ट धातूत, त्या रूपात, की कधीतरी कुणीतरी केलेल्या एखाद्या कृतीत? मोटरसायकल आणि तत्त्वज्ञान एका वाक्यात आले की लोक लगेच रॉबर्ट पर्सिगच्या पुस्तकाकडे धावतात, आणि योगायोग असा की तेही १९७४ सालचंच. पण पर्सिगला रस होता तो देखभालीत आणि गुणवत्तेत. मूळ आणि अनुकरण हा त्याचा विषय नव्हता. त्याला इथे सन्मानाने बाजूला ठेवू.

आधी या ‘मूळ’ गाडीचं मूळ शोधू. २३ एप्रिल १९७२ रोजी इमोला इथे दोनशे मैलांची शर्यत पहिल्यांदाच झाली. डुकाटीचं नाव तोवर एक सिलिंडरच्या गाड्यांसाठी होतं. फाबिओ ताल्योनी या तिच्या मुख्य अभियंत्याने नव्वद अंशांच्या कोनातलं दोन सिलिंडरचं इंजिन काढलं होतं, एक सिलिंडर जवळजवळ आडवा आणि दुसरा उभा, पण मोठ्या शर्यतीत ते कसोटीला लागायचं होतं. समोर एमव्ही अगुस्ता होती आणि तिच्यावर जाकोमो अगोस्तिनी. पॉल स्मार्ट हा इंग्लिश रायडर त्या वेळी अमेरिकेत शर्यतींत गुंतलेला होता. त्याच्या वतीने फोनवर होकार दिला तो त्याच्या पत्नीने. अशा काहीशा अनिच्छेने आलेल्या स्मार्टने शर्यत जिंकली आणि डुकाटीचाच ब्रूनो स्पाज्जारी दुसरा आला. त्या जिंकलेल्या गाडीची लोकांना विकता येईल अशी आवृत्ती म्हणून कंपनीने १९७४ सालची सुपर स्पोर्ट बनवली. याचा अर्थ संग्राहक ज्या ४०१ गाड्यांना ‘अस्सल’ म्हणून गाभाऱ्यात बसवतो, त्या कारखान्याने काढल्या त्याच मुळी एका गाडीच्या प्रतिकृती म्हणून. मग इमोलाची गाडी तरी अस्सल म्हणावी का? तिची फ्रेम रस्त्यावरच्या ७५० जीटीची होती. सेंटर स्टँड बसवायचे कान शर्यतीच्या गाडीवरही तसेच राहिले होते. तिची कीर्ती ज्या डेस्मोड्रोमिक व्हॉल्व्हयंत्रणेवर उभी आहे ती ताल्योनीने १९५६ साली १२५ सीसीच्या शर्यतीच्या गाडीत यशस्वी करून दाखवली होती, आणि त्याच्याही दोन वर्षं आधी मर्सिडीजच्या डब्ल्यू १९६ या शर्यतीच्या मोटारीत तसलीच यंत्रणा धावलेली होती. खाली उतरत गेलं तर प्रत्येक मुळाच्या खाली आणखी एक मूळ निघतं, आणि पाय टेकेल असा तळ लागत नाही. मानवंदनेची गाडी बांधणारा माणूस एका लांब साखळीत एक कडी जोडतो आहे. त्या साखळीतली १९७४ सालची कडी तेवढी पवित्र आणि पुढची प्रत्येक कडी भेसळ, असं म्हणायचं असेल तर त्याला किंमत आणि टंचाई यांपलीकडचं कारण द्यावं लागेल.

संग्राहकाकडे एक कारण आहे, आणि ते अगदीच फुसकं नाही. तो म्हणतो, कल्पनांची साखळी असेल, पण वस्तू एकच असते. ही फ्रेम, हे इंजिन, यांवर कारखान्यात ठोकलेले हे क्रमांक, आणि त्या दोहोंची कागदोपत्री जुळणारी जोडी. आपल्याकडे या प्रश्नाचा खल दोन हजार वर्षांपूर्वीच झालेला आहे, आणि गंमत म्हणजे तो वाहनावरच झाला. ‘मिलिंदपञ्हा’त नागसेन भिक्खू मिलिंद राजाला विचारतो की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमकं काय, दांडी की आस, चाकं की जू? राजाला कबूल करावं लागतं की यांपैकी एकही रथ नाही आणि यांच्या पलीकडेही रथ नाही. भाग एकत्र आले की व्यवहारासाठी वापरायचं ते एक नाव. नैयायिकांना हे मुळीच पटलं नाही. त्यांच्या मते अवयवांपेक्षा वेगळा असा ‘अवयवी’ खरोखर असतो. रथ हे नुसतं नाव नव्हे, भागांच्या जुळणीतून जन्मलेली ती स्वतंत्र वस्तू आहे. संग्राहकाला वाटेल, चला, नैयायिक आपल्या बाजूचे निघाले. पण न्याय-वैशेषिकांचा हिशेब फार कडक आहे. वस्त्रातून एक धागा निघाला की त्यांच्या लेखी पहिलं वस्त्र संपलं. उरतं ते ‘खंडपट’ नावाचं नवं वस्त्र. त्या हिशेबाने पन्नास वर्षांत ज्या गाडीचे टायर, क्लच प्लेट, पिस्टन रिंग, वायरिंग आणि रंग बदलले ती १९७४ सालची गाडी केव्हाच उरली नाही. म्हणजे बौद्धांकडे गेलं तर अस्सलपणा नुसता नावापुरता उरतो, आणि नैयायिकांकडे गेलं तर दर सर्व्हिसिंगला मरतो. इंजिन आणि फ्रेम यांचे क्रमांक जुळले की गाडी तीच, हा निकष दोन्हीपैकी कुठल्याच दर्शनात सापडत नाही. तो आरटीओच्या दर्शनातला आहे. व्यवहाराला तो चालतो, चालायलाही हवा. आदराचा निकष म्हणून तो फारच तोकडा पडतो.

किती तोकडा, हे त्याच ४०१ गाड्यांपैकी एकीच्या चरित्रातून दिसतं. अमेरिकेतल्या ‘सायकल’ मासिकाचा संपादक कुक नीलसन आणि त्याचा सहकारी फिल शिलिंग या दोघांनी एक ७५० सुपर स्पोर्ट घेतली आणि शर्यतीसाठी ती सतत बदलत नेली. इंजिन वाढवत वाढवत ८८३ सीसीपर्यंत नेलं, आतले भाग नवे घडवले, अंगावर निळा रंग चढवला. १९७७ साली डेटोना इथे नीलसनने तिच्यावर सुपरबाइक शर्यत जिंकली. अमेरिकेत डुकाटीची जी प्रतिष्ठा पुढे उभी राहिली, तिच्या पायात हा विजय आहे. संग्राहकाच्या फुटपट्टीने मोजलं तर ही गाडी बाटलेली: रंग गेला, क्षमता बदलली, आतलं बरंचसं बाहेर आलं. तरी ‘ओल्ड ब्लू’ हे तिचं नाव निघालं की याच संग्राहकांचे हात आपोआप जोडले जातात. पुढे तिचीही हुबेहूब प्रतिकृती बांधली गेली, आणि डुकाटीच्या शर्यतींशी जुनं नातं असलेल्या एनसीआर या इटालियन कार्यशाळेने आधुनिक सुटे भाग वापरून ‘न्यू ब्लू’ नावाची मानवंदनाही काढली. ज्या गाडीने आपलं अस्सलपण निर्धास्तपणे मोडून टाकलं तिलाच मान मिळाला, आणि गोदामात झाकून ठेवलेल्या तिच्या भावंडांना मिळाली ती केवळ किंमत. मान कशाच्या मागे चालतो याचा याहून स्पष्ट पुरावा मला दुसरा सापडत नाही. तो कृतीमागे चालतो. इमोलाला जे केलं गेलं, डेटोनाला जे केलं गेलं, ताल्योनीने कागदावर जो प्रश्न सोडवला, त्याला लोक मान देतात. धातूला मिळतो तो त्या कृतीचा उरलेला प्रसाद.

इथे एक जोरदार आक्षेप येतो, आणि तो घाईने उडवून लावण्यासारखा नाही. कृती महत्त्वाची हे मान्य, पण कृतीच्या वेळी जो धातू हजर होता त्याला साक्षीदाराचा दर्जा आहे की नाही? बुद्धाच्या अस्थींवर स्तूप उभे राहिले ते उगाच नाही. ज्या हातांनी १९७४ साली बोर्गो पानिगालेत ते इंजिन जोडलं, त्या हातांचा स्पर्श त्या नटबोल्टांना झालेला आहे. आज कितीही कुशल माणसाने कितीही प्रेमाने गाडी बांधली तरी तो स्पर्श त्याला विकत घेता येत नाही. पुरीच्या जगन्नाथाचा नवकलेवर विधी इथे आक्षेप घेणाऱ्याच्या मदतीला येतो. अधिक आषाढ आला की, साधारण आठ ते एकोणीस वर्षांच्या अंतराने, कडुनिंबाच्या लाकडाच्या नव्या मूर्ती घडतात आणि जुन्या मूर्ती पुरल्या जातात. अलीकडे हे २०१५ साली झालं. लाकूड बदलतं, देव तोच राहतो. पण तो तोच राहतो कारण मध्यरात्री, डोळ्यांवर पट्टी बांधून आणि हाताला कापड गुंडाळून, दैतापती जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवतात. काहीतरी प्रत्यक्ष एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातं. मानवंदनेच्या गाडीत असं काहीच ग्रीन फ्रेममधून येत नाही. मग सातत्य कशाचं?

हा आक्षेप मी अर्धा स्वीकारतो. साक्षीचा मान खरा आहे आणि तो प्रतिकृतीला कधीच मिळणार नाही, मिळू नये. पण साक्ष हा उपासनेचा एकमेव आधार आहे, हे मात्र आपल्याच परंपरेचा पुरावा नाकारतो. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात असं मांडलं की पंढरपूरची आद्य मूर्ती ही माढ्याच्या मंदिरातली असावी, कारण पांडुरंगमाहात्म्यात वर्णिलेली लक्षणं, विशेषतः छातीवर कोरलेला मंत्र, तिच्यावर आढळतात. या दाव्यावर वाद झाले, अजून होतात, आणि इतिहासाचा प्रश्न म्हणून ते व्हावेतही. पण ढेरे यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर ठरलं असं क्षणभर धरून चाला. आषाढीची वारी माढ्याकडे वळली असती का? ज्यांना वारकरी मन थोडंफार ठाऊक आहे त्यांना उत्तर सांगायला नको. वारकऱ्याला दगडाचा सातबारा नको असतो. ज्या जागी, ज्या नावाने, शतकानुशतकं माणसं चालत येऊन उभी राहिली, त्या चालण्यात त्याचा विठ्ठल आहे. साक्षी आणि उपासक ही दोन वेगळी नाती आहेत. पहिल्याला मूळ दगड लागतो, दुसऱ्याला मूळ आचरण पुरतं. प्रतिकृतीने पहिल्या नात्यावर हक्क सांगितला तर ती चोर ठरते. दुसऱ्यावर सांगितला तर तिने ते आचरण खरोखर केलं आहे का, एवढंच तपासायचं.

आणि इथे मानवंदनेच्या गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक नापास होतील असं मला वाटतं. हिरवा रंग कुठल्याही पेंटरकडे मिळतो. फायबरची फेअरिंग घरपोच येते. रूप उचलणं सोपं आहे म्हणूनच ते उपासना ठरत नाही. ग्रीन फ्रेमचा कठीण भाग तिच्या सिलिंडर हेडमध्ये आहे. साध्या इंजिनात कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते; इंजिन फार वेगाने फिरू लागलं की स्प्रिंगला ते झेपत नाही आणि व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही. डेस्मोमध्ये बंद करण्याचं कामही कॅमकडेच दिलेलं असतं: एक रॉकर व्हॉल्व्ह ढकलून उघडतो, दुसरा त्याला ओढून मिटवतो. त्यामुळे हेड जुळवताना प्रत्येक व्हॉल्व्हची दोन अंतरं लावावी लागतात. उघडण्याच्या बाजूला व्हॉल्व्हच्या टोकावरची टोपी, मिटण्याच्या बाजूला दोन अर्ध्या कड्यांनी अडकवलेली कॉलर. फिलर गेज सरकवायचं, कॅम फिरवून पुन्हा पाहायचं, टोपी किंवा कॉलर काढून एमरी पेपरवर हलक्या हाताने घासायची, पुन्हा बसवायची, पुन्हा मोजायचं. हिशेब मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत चालतो. जास्त घासली तर ती वाया गेली, दुसरी घ्या. कॅमपर्यंत गती पोचते ती उभ्या दांड्याने आणि दोन्ही टोकांच्या बेव्हल गिअरने. त्या गिअरच्या प्रत्येक जोडीत शिम घालून दातांची जुळणी करायची. दाबून बसली तर इंजिन किंचाळतं, सैल राहिली तर खडखडतं. असं इंजिन घाईत जुळत नाही. ज्याने ते स्वतः जुळवलं त्याच्या हाताला ताल्योनीचा विचार कळलेला असतो, पुस्तकातून कळतो त्याहून वेगळ्या रीतीने. पुरीच्या ब्रह्मपदार्थासारखं या गाडीत काही एका देहातून दुसऱ्या देहात जात असेलच, तर ते हे.

याउलट उदाहरण टाकीचं. इमोलाच्या गाडीची टाकी फायबरग्लासची होती आणि तिच्या बाजूला रंग न चढवलेली एक उभी पट्टी सोडलेली होती, पेट्रोल किती उरलं ते नजरेने कळावं म्हणून. सुंदर युक्ती, काट्याचं आणि नळ्यांचं वजन वाचवणारी. पण आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला तो जुना फायबरग्लास टिकत नाही. तो मऊ पडतो, फुगतो, आणि सुटलेला चिकटा कार्बोरेटरमध्ये जाऊन बसतो. म्हणून समजदार बांधणारे अ‍ॅल्युमिनियमची टाकी घडवतात. मग त्यांतले काही जण अ‍ॅल्युमिनियमवर रंगाने ती पट्टी काढतात. इथे मला कर्मकांडाचा वास येतो. जी पट्टी काही दाखवतच नाही ती कशाला? पारदर्शकपणा हा त्या पट्टीचा धर्म होता, तो गेल्यावर उरतो तो टिळा. टाकीचा धातू बदलणं मला मूळ गाडीशी अधिक इमानदार वाटतं, कारण इमोलाची गाडी बांधणाऱ्यांनीही हातात आलेल्या सर्वांत चांगल्या साधनांनीच काम केलं होतं. विटेवर उभं राहिल्यासारखं १९७२ सालात थांबून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

यावर आणखी एक आक्षेप उभा राहतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत अवघड आहे. ताल्योनीचा खरा सन्मान करायचा तर त्याने केलं ते करा: नवं काहीतरी शोधा. ज्याने आयुष्यभर कुणाची नक्कल केली नाही त्याची नक्कल करून त्याला वंदन कसं होईल? उत्तरासाठी एकलव्याकडे जायला हवं. त्याचा दाखला देताना त्याच्यावर झालेला अन्याय झाकून त्याला गुरुभक्तीचा आदर्श म्हणून मिरवायची आपल्याकडे खोड आहे. मला इथे त्याची भक्ती नको, त्याची पद्धत हवी. द्रोणाने नाकारल्यावर त्याने मातीचा द्रोण केला. तो पुतळा बोलत नव्हता, चूक दाखवत नव्हता, धनुष्यही धरत नव्हता. पण त्या पुतळ्यापुढे एकलव्याने स्वतःला शिकवलं, आणि जे शिकला ते द्रोणाच्या शिष्यांहून सरस निघालं. अनुकरण हा शोधाचा शत्रू आहे हे गृहीतच चुकीचं आहे. बहुतेक शोधक आधी कुणाचं तरी नीट अनुकरण करून मोकळे झालेले असतात. मर्सिडीजच्या गाड्या धावल्या त्यानंतर दोन वर्षांनी ताल्योनीची डेस्मो आली, हे आपण वर पाहिलंच. आणि एकलव्याच्या गोष्टीत एक बारीक पण महत्त्वाची बाब आहे: त्याने मातीचा पुतळा हा द्रोणच आहे असं कुणाला सांगितलं नाही. विचारल्यावर त्याने गुरूचं नाव सांगितलं.

आपल्याकडे परंपरेचे दोन वंश मानतात, बिंदुवंश आणि नादवंश. एक रक्ताने चालतो, दुसरा उपदेशाने. डुकाटीनेही २००६ साली स्वतःच्या विजयाला मानवंदना दिली. ‘पॉल स्मार्ट १००० एलई’ या नावाने चंदेरी फेअरिंगची, हिरवट फ्रेमची २,००० गाड्यांची मालिका काढली. पिएर तेरब्लांशची ती रचना देखणी होती यात वाद नाही. इंजिन मात्र बेल्टवर चालणाऱ्या कॅमचं, इंधन इंजेक्शनचं, त्या काळच्या कंपनीच्या इतर गाड्यांतलंच होतं. व्हॉल्व्ह डेस्मोच होते, कारण डुकाटीचे तेव्हा तसेच असायचे. हा बिंदुवंश: नावाचा हक्क, कारखान्याचा वारसा, खुद्द स्मार्टचा पाठिंबा, सगळं कायदेशीर. त्याच्या शेजारी कुण्या अनामिकाने गॅरेजमध्ये जुन्या जीटीपासून उभी केलेली, बेव्हल गिअर स्वतः शिमने जुळवलेली गाडी ठेवा. नावावर तिचा काडीचा हक्क नाही. पण इमोलाच्या कामाचं ओझं कुणी अधिक उचललं असं विचाराल तर मी दुसऱ्या गाडीकडे बोट दाखवीन. वारसाला घर मिळतं. घर कसं बांधलं हे शिष्याला ठाऊक असतं.

मोहाचा आक्षेप राहिला. एखाद्या विरागी वाचकाला हे सगळंच हास्यास्पद वाटेल: यंत्राची कसली उपासना, ही तर पैसेवाल्यांची हौस. हौस आहेच, आणि पैसाही लागतो. पण यंत्रापुढे हात जोडणं आपल्याला परकं नाही. खंडेनवमीला आणि दसऱ्याला महाराष्ट्रातल्या कुठल्याही गल्लीत पाने, करवती, शिलाई मशीन आणि दुचाकी झेंडू लावून उभ्या असतात. त्या पूजेत दुर्मीळतेला काडीचं स्थान नाही. जे अवजार वापरात आहे, ज्याने वर्षभर काम केलं, त्याला हळदकुंकू लागतं. या निकषाने पाहिलं तर काचेआड ठेवलेली, तेल काढून टाकलेली, गुंतवणूक म्हणून विकत घेतलेली अस्सल ग्रीन फ्रेम हीच अधिक संशयास्पद ठरते. मानवंदनेच्या गाडीवर जितका पैसा आणि वेळ जातो तितका ती विकून सहसा परत येत नाही, हे बांधणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तो निष्काम आहे असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही; प्रदर्शनात माना वळाव्यात ही इच्छा त्यालाही असतेच. पण निदान तो नफ्यासाठी पुजत नाही.

खरा धोका हौशीत नाही, खोटेपणात आहे. किमती चढल्या तशा साध्या ७५० गाड्यांवर सुपर स्पोर्टचे क्रमांक ठोकून त्या अस्सल म्हणून विकण्याचे प्रकार सुरू झाले. लेखक इयान फॅलून याने या मालिकेवर जे बारकाईचं काम केलं आहे त्याची गरज बरीचशी यामुळेच आहे. ठोकलेला खोटा क्रमांक आणि प्रेमाने बांधलेली प्रतिकृती शेजारी ठेवली तर डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसू शकतात. कदाचित खोटी अधिक हुबेहूब असेल. फरक फक्त गाडी स्वतःबद्दल काय सांगते यात आहे. म्हणून जो कुणी अशी गाडी बांधतो त्याने फ्रेमवर आपला क्रमांक ठेवावा, इंजिन कुठल्या गाडीचं ते कागदावर लिहावं, आणि गाडी विकताना तो कागद पहिल्यांदा पुढे करावा. वाचकांपैकी कुणाला कधी हिरव्या फ्रेमची डुकाटी दिसली तर रंगाचं कौतुक करण्याआधी मालकाला एवढंच विचारावं, ही मुळात कोणती गाडी? ‘अस्सल आहे’ असं उत्तर आलं तर कागद मागा आणि ते जाणत्या माणसाला दाखवा. ‘जुनी जीटी होती, मी बांधली’ असं उत्तर आलं तर चहा सांगा, आणि हेड जुळवायला किती कॉलर वाया गेल्या ते विचारा.